तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्लंडचं खेडं बघायचं तर कुठे जावं?

मुलाकडे किंवा लेकीकडे महिना-दोन महिने राहायला आलेली मंडळी इथे रेडिंगमध्ये भेटली की हमखास विचारतात, "लंडन झालं, बाथ झालं. आता एखादं खरंखुरं इंग्लिश खेडं सांगा. जुनं चर्च, जुना पब, असं काहीतरी. पण गर्दी नको." माझं उत्तर ठरलेलं आहे: स्टोक रोला जा. आणि गेल्यावर चर्च नाही, पब नाही, आधी विहीर बघा.

रेडिंगच्या उत्तरेला चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर हे छोटं गाव आहे. रस्त्याकडेला अचानक एक घुमट दिसतो, घुमटाखाली लोखंडी रहाट आणि रहाटावर सोनेरी हत्ती. ऑक्सफर्डशरमध्ये हत्ती! ही विहीर बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी बांधून दिली. खोली 368 फूट, रुंदी जेमतेम 4 फूट. लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल उलटं करून आत सोडलं तर कळसासकट बुडेल. (मावणार नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.) आणि हे सगळं हाताने खोदलेलं. एवढ्याशा भोकात एका वेळी किती माणसं उतरणार, खाली हवा किती आणि उजेड किती, याचा कठड्याशी उभं राहून नुसता विचार केला तरी पोटात गोळा येतो.

पावसाच्या देशात एवढी खोल विहीर कशाला? तर या टेकड्या खडूच्या दगडाच्या. पडलेलं पाणी झिरपून थेट तळाला जातं, माथ्यावर काही राहत नाही. गावकरी डबक्यांतलं, मातीच्या खाणींत साठलेलं पाणी वापरायचे. जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी 1831 साली आझमगढ भागात विहीर खोदवली होती. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून आईने पोराला बडवल्याची आपल्या गावाकडची गोष्ट त्यांनी महाराजांना सांगितली, असं म्हणतात. महाराजांनी ती लक्षात ठेवली.

यात राजकारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. 1857 मध्ये हे महाराज इंग्रजांच्या बाजूने होते. खोदकामाला सुरुवात 10 मार्च 1863 ला, म्हणजे युवराजांच्या लग्नाच्या दिवशी. विहीर खुली झाली 24 मे 1864 ला, राणीच्या वाढदिवशी. मुहूर्त खुशामतीचे, पण पाणी फुकट होतं. एक बादली वर यायला दहा मिनिटं रहाट फिरवावा लागे, तरी बायाबापड्यांची पायपीट वाचली. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली, तिचं नाव ईश्री बाग. अहिल्याबाईंनी काशीला काय काय बांधलं ते आपल्याला शाळेपासून पाठ असतं. काशीहून इकडे आलेलं हे दान मात्र इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या लोकांनाही ठाऊक नसतं. 1964 साली शताब्दीला प्रिन्स फिलिप आले होते, आणि गंगेचं पाणी या विहिरीत मिसळलं गेलं.

स्टोक रोचं चर्च 1846 चं, म्हणजे इथल्या हिशेबाने कालचं. बाहेरून बघितलं तरी चालेल. जुनं हवं असेल तर दोन-तीन मैलांवर चेकेंडनला जा. तिथलं चर्च नॉर्मन काळातलं, म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं आहे, वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवर मध्ययुगीन चित्रं आहेत.

पण वेळ राखून ठेवायचा तो यूएल्मसाठी. टेकड्यांच्या पायथ्याचं गाव. माथ्यावर मुरलेलं पाणी इथे झऱ्याने बाहेर येतं. इतकं स्वच्छ आणि बारमाही, की त्यावर वॉटरक्रेसची, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या तिखटसर पालेभाजीची, शेती चालायची. वर 368 फूट खोदा आणि खाली ओंजळ भरा! चर्च, त्याला लागून वृद्धाश्रम आणि शाळा, तिन्ही पंधराव्या शतकातली. 1437 मध्ये तेरा गरीब पुरुषांसाठी सुरू झालेल्या त्या आश्रमात आजही लोक राहतात, आणि शाळाही भरते.

हे उभारणारी सफोकची डचेस अ‍ॅलिस ही कवी चॉसरची नात. तिची समाधी चर्चमध्येच आहे. वर संगमरवरासारख्या अलाबास्टर दगडातली अ‍ॅलिस, हात जोडून, थाटात निजलेली. खाली जाळीआड तिचंच सुकलेलं, हाडं वर आलेलं प्रेत, तेही दगडात कोरलेलं. आता खरी गंमत: त्या प्रेताच्या डोक्यावरच्या छताला आतून देवदूत आणि मेरीचं चित्र आहे. ते बघायचं तर फरशीवर चक्क आडवं व्हावं लागतं. लाजू नका, सगळेच होतात. गुडघे दुखत असतील तर सोबतच्या नातवाला आडवं करा आणि फोनवर फोटो काढून घ्या.

राहता राहिला पब. पुढचा प्रश्न ठरलेला, "आम्ही घेत नाही, चालेल का?" चालेल. लेमोनेड घ्या, चहा मागा, कोणी वळूनही बघत नाही. जेवायचं असेल तर मुलंबाळंही चालतात. बहुतेक पबमध्ये वेटरची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. काउंटरवर जाऊन सांगायचं, बऱ्याच ठिकाणी पैसे तिथेच द्यायचे. स्टोक रोचा 'क्रुकेड बिलेट' मात्र याला अपवाद. सतराव्या शतकातली इमारत, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे काउंटरच नव्हतं. बिअर तळघरातल्या पिंपातून आणून द्यायचे. अलीकडे तो जेवणासाठी जास्त ओळखला जातो, तेव्हा टेबल आधी राखून ठेवा. आणि कुठल्याही खेड्यातल्या पबमध्ये जेवायचं असेल तर दीडच्या आत पोचा. दुपारी स्वयंपाकघर बंद झालं की कितीही गोड बोललात तरी चिप्सच्या पाकिटापलीकडे काही मिळत नाही.