आमची वाटचाल : काजूच्या टरफलाचा घाणा

काजूबीच्या वजनात गर 25 ते 30 टक्केच भरतो. उरते ते बहुतेक टरफल. वेंगुर्ले परिसरात ते पूर्वी सरळ बॉयलरखाली जाई आणि त्याचा झोंबरा धूर आसपासच्या घरांत शिरे. त्याच टरफलातून रंग, वॉर्निश आणि ब्रेक लायनिंगच्या रेझिनला लागणारे तेल निघते, म्हणून आमच्या वडिलांनी एक्सपेलर, म्हणजे टरफल दाबून तेल काढणारे यंत्र, बसवला. पहिले टरफल एका काजू कारखान्याच्या मालकीणबाईंनी, आमच्या काकूंनी, उधारीवर दिले. टरफल आणणाऱ्या गाडीतूनच तेल काढलेली पेंड परत न्यावी आणि तिच्यावर आपला बॉयलर चालवावा, ही व्यवस्थाही त्यांचीच. दोन्ही फेऱ्यांना गाडी भरलेली असल्याने भाडे परवडू लागले.

पुढे बाहेरगावच्या एका बड्या व्यापाऱ्याने कारखानदारांना आगाऊ रकमा वाटल्या आणि आम्हांला न परवडणाऱ्या भावाने सगळे टरफल उचलले. वर्षानुवर्षे आमची पेंड नेणाऱ्यांनी फोन उचलणे सोडले, घाणा ऐन हंगामात बंद पडला आणि बँकेचे हप्ते थकले. काकूंनी मात्र जास्त भाव नाकारून आपली गाडी आमच्याकडेच पाठवली. कामगारांची मजुरी त्या टरफलावर निघाली. तेलाचा भाव कोसळताच तो व्यापारी उरलेली रक्कम बुडवून निघून गेला आणि टरफलाचे ढीग पावसात कुजत पडले. ते कारखानदार परत आले तेव्हा आम्ही कोणालाही माघारी धाडले नाही. पण त्या हंगामात त्यांनी आम्हांला दारात बसवून न भेटता परत पाठवलेले आम्ही विसरलेलो नाही.

आजही घाण्यावर पहिली परीक्षा हाताचीच असते. मूठभर टरफल दाबले असता कडकन मोडले पाहिजे. ओलसर असेल तर एक्सपेलरच्या पट्ट्यांमधून तेलाऐवजी चिकट गाळ येतो, आणि मालात वाळू असेल तर वर्म, म्हणजे एक्सपेलरमधला दाब देणारा स्क्रू, झिजून वजनाच्या 20 टक्क्यांच्या आसपास मिळणारे तेल झपाट्याने घटते. नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांनी यंत्राच्या आधी पक्क्या छपराची कोठी बांधावी, मे महिन्यातच टरफल आत घ्यावे, जोडीचा वर्म हाताशी ठेवावा आणि कारखानदाराचे पैसे गणपतीपूर्वी चुकते करावेत. पेंडीचा दर टरफलाच्या सौद्यातच लिहून घ्यावा. तो तोंडी ठेवला की पुढच्या हंगामात वाद ठरलेला.