जेव रे झिला

अप्पाला जाऊन आज बरोबर 3 आठवडे झाले. तेव्हापासून लिहायचं लिहायचं म्हणतेय आणि लॅपटॉप उघडून भलतंच काहीतरी बघत बसते. आज लिहूनच टाकते.

तर अप्पा म्हणजे आमचा कुत्रा. आमचा म्हणजे शेवटच्या 9 महिन्यांचा, त्याआधीची 11-12 वर्षं तो दुसऱ्या कोणाचा तरी होता. मागच्या ऑगस्टात, धो धो पाऊस चालू असताना, एका स्टेशनच्या स्कायवॉकखाली सापडला. रेस्क्यू करणाऱ्या मुलीने व्हॉट्सॅपवर फोटो टाकला होता, तपकिरी रंग, तोंड पूर्ण पांढरं, डोळ्यात निळसर झाक, आणि गळ्यात इतका घट्ट पट्टा की खालचे केस गेलेले. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी झाली की कानाला कट असतो, तोही याच्या कानाला नव्हता, म्हणजे घरातलाच, कोणीतरी आणून सोडलेला. मी फक्त "अरेरे" टाईप करणार होते, आणि त्या रविवारी रिक्षातून त्याला मांडीवर घेऊन भांडुपला आले. (तिसऱ्या रिक्षाने घेतलं. पहिल्या दोघांनी त्याला बघूनच मीटर वर केला.)

नाव ठेवलं अप्पा, कारण चेहराच तसा, पेपर वाचून झालाय आणि कोणाचंच काही पटलेलं नाही असा. घरात एक प्रॉब्लेम, आईच्या सासऱ्यांनाही अप्पाच म्हणायचे, त्यामुळे आई पहिला आठवडाभर त्याला नुसतं "अहो" म्हणायची. सोसायटीत लिफ्टवरून थोडी कुरकुर झाली, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या गाईडलाईन्स प्रिंट काढून नेऊन दिल्या, त्यात लिफ्ट बंद करता येत नाही असं स्पष्ट आहे, विषय संपला.

खरा घोळ जेवणाचा. भात-चिकन वाटीत घातलं की हा समोर उभा राहायचा, लाळ गळतेय, आणि आमच्या तोंडाकडे बघतोय. खायचा नाही. आम्ही खा म्हणालो, घे म्हणालो, ईट म्हणालो, हिंदीतून सांगून झालं, आईने गोंदवलेकर महाराजांचं नाव घेऊन झालं, नाही. रात्री आम्ही झोपलो की कधीतरी चोरासारखं थोडं खायचा. रेस्क्यूवाली म्हणाली शाय आहे, सेटल होईल.

पाचव्या दिवशी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. काकू मूळच्या कुडाळकडच्या, भांडुपात 40 वर्षं काढून त्यांची मालवणी तसूभर हललेली नाही. वाटी भरलेली बघितली आणि म्हणाल्या, "अगो, ह्यो जेवक नाय? जेव रे झिला, जेव." (झिला म्हणजे पोरा, बाळा.)

आणि त्याने तोंड घातलं वाटीत. अक्षरशः अर्ध्या मिनिटात वाटी साफ, वर फरशीसुद्धा चाटली. आम्ही दोघी वेड्यासारख्या बघत राहिलो. काकूंना काही आश्चर्य वाटलं नाही, "ह्यो आमच्यातलोच आसा" म्हणून विरजण घेऊन गेल्या.

मग आमच्या घरात मालवणीचे क्लास सुरू झाले. आम्ही साताऱ्याकडचे, आमचे उच्चार ऐकून तो कपाळाला आठ्या घालायचा, पण "हय ये" म्हटलं की यायचा, "भायर चल" म्हटलं की दाराशी. आणि जेवायच्या आधी "जेव" पाहिजेच. कोणीतरी त्याला शिकवलं होतं की सांगितल्याशिवाय तोंड लावायचं नाही, आणि रस्त्यावर किती दिवस होता देव जाणे, तिथेही तो कोणीतरी सांगायची वाट बघत असणार, या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

मी त्याच्या आधीच्या लोकांना मनापासून शिव्या घालायचे. काकूंचं म्हणणं वेगळं. चाळ पाडायला गेली असेल, म्हातारं माणूस असेल त्याचं, ते गेलं असेल आणि पोरांना ट्रान्झिट कॅम्पच्या तात्पुरत्या खोलीत कुत्रा नको असेल. असेलही. त्या म्हाताऱ्या माणसावरचा राग गेला माझा, पोरांवरचा नाही गेला.

पाणी खूप प्यायचा. आम्हाला वाटलं चांगलंय, उकाडा आहे. सप्टेंबरात ब्लड टेस्ट केली, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) 3.8, म्हणजे खूप जास्त. डॉक्टर म्हणाले किडनी जवळपास तीन चतुर्थांश गेल्याशिवाय क्रिएटिनिन वाढलेलं दिसतच नाही, आणि जास्त पाणी-जास्त शू हीच सुरुवात असते. बरं होणार नाही, सांभाळायचं. फॉस्फरस कमी, मीठ कमी, म्हणजे काकूंकडे सुका बांगडा भाजला की हा दाराच्या फटीला नाक लावून उभा आणि मी फट टॉवेलने बंद करतेय.

मग सलाईन. एक दिवसाआड 150 मिली रिंगर लॅक्टेट, शिरेतून नाही, मानेच्या मागची कातडी चिमटीत धरून तिच्याखाली. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, नाहीतर थंड लागतं, मग पडद्याच्या रॉडला टांगायची. पहिल्यांदा माझा हात इतका थरथरला की सुई दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि माझीच साडी भिजली, मीटिंग होती म्हणून नेसले होते. पण झालं की त्याच्या खांद्यावर उंटासारखं मदार यायचं आणि संध्याकाळपर्यंत ते सरकत पुढच्या पायात उतरायचं, एक पाय हत्तीचा, बाकीचे बकरीचे. बिल्डिंगमधली पोरं ते दाबून बघायला यायची. तो उभा राहायचा, पेपर वाचल्यासारखा.

दिवाळीपर्यंत कान गेले. सुतळी बॉम्बला ढिम्म. त्यामुळे काकूंना खाली वाकून कानात "जेव" सांगावं लागायचं, गुडघे धरत, कुरकुरत, पण दोन्ही वेळा यायच्या.

मे महिन्यात क्रिएटिनिन 7 च्या वर. तोंडाला वास, उलट्या, सलाईन रोज. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तेव्हा मी म्हटलं आता कसलं फॉस्फरस, आणि काकूंनी बांगड्याच्या कढीतला भात आणला, काटे काढून, मऊ कुस्करून. त्याने वास घेतला आणि मान फिरवली. काकू खाली बसल्या, कानाशी तोंड नेलं, "जेव रे झिला."

तो उठला. मागचे पाय सटकत होते तरी उठला, वाटीत तोंड घातलं, एक घास घेतला. गिळवेना त्याला. घास हळूच परत वाटीत ठेवला आणि काकूंकडे बघितलं. त्यांनी परत म्हटलं. त्याने परत घेतला.

मी म्हणाले, काकू, नका ना म्हणू त्याला.

त्या रात्रीच डॉक्टरांना फोन केला. आईचा विरोध होता, असं आपण कोण ठरवणार वगैरे, मी वाद घातला नाही. सकाळी डॉक्टर घरी आले, आधी गुंगीचं इंजेक्शन, त्याने तो घोरायला लागला, नेहमीसारखं, मग दुसरं. आई सगळा वेळ त्याचा पंजा धरून बसली होती आणि पहिल्यांदा स्पष्ट "अप्पा" म्हणाली.

मालाडला पालिकेची प्राण्यांची दाहिनी आहे, 2023 मध्ये सुरू झाली, पाईपच्या गॅसवर चालते. फोन करून वेळ घेतली, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर नेहमीचं ट्रॅफिक, मागच्या सीटवर आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेला तो. तिथे फार वेळ लागला नाही. एवढंच सांगते.

घरी आलो तर चार वाजले होते. सकाळपासून कोणाच्याच पोटात काही नव्हतं. टेबलावर भात-आमटी झाकून ठेवलेली, आम्ही दोघी समोर बसून होतो, किती वेळ माहीत नाही. दार उघडंच होतं. काकू आत आल्या, झाकणं काढली, वाढलं, तरी आम्ही तशाच.

"जेवा गो," त्या म्हणाल्या.

मग जेवलो.