ब्वोला नाचणारी लेकरं

आज धरमपेठेतल्या नाचाच्या वर्गात पोट्ट्यांना उत्तर युगांडाच्या अचोली जमातीच्या मुलांबद्दल सांगितलं. जोसेफ कोनी नावाच्या म्होरक्याच्या बंडखोरांनी तिथली हजारो लेकरं पळवून नेली, कितीतरी जणांच्या हाती बंदुका दिल्या. बाकीची घरदार सुटलेल्यांच्या छावण्यांत वाढली.

तरी २००५ साली पाटोंगोच्या छावणीतली मुलं कंपालाला राष्ट्रीय संगीत स्पर्धेत उतरली. ब्वोला नाचली. हा त्यांच्या राजदरबारचा नाच. रिंगण धरायचं, मुलांच्या हाती छोटे ढोल, वाजवत वाजवतच पावलं टाकायची.

एकीनं विचारलं, "ताई, नाचताना त्यांना आईबाबा आठवत नसतील का?"

आठवतच असतील गं. पण ढोल चुकला तर अख्खं रिंगण चुकतं, म्हणून त्या वेळी सगळा जीव पावलांत. मला त्या मुलांचा फार अभिमान वाटतो. पुढच्या वर्गाला ढोलक्या आणायला सांगितल्यात. आम्हीही रिंगण धरणार.