निघतंय होय!

“घड्याळ बंद पडलं की हे सगळं टाकूनच द्यायचं की ओ?” मी सागवानी फळीतून कापलेली सिद्धेश्वर मंदिराच्या आकाराची, छोटं घड्याळ बसवलेली जाळी हातात घेऊन शेजारच्या काकूंनी आज विचारलं.

मी घड्याळ बोटांनी ओढून काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. कडेच्या रबरी रिंगवर ते नुसतं घट्ट बसतं. गोंद नाही, स्क्रू नाही. भोक 35 मिमीचं, सुतार कपाटाच्या बिजागरीसाठी वापरतात त्याच बिटानं पाडलेलं. (ते मात्र जाळी कापायच्या आधी पाडायचं, नाहीतर नाजूक नक्षी तुटते.)

“निघतंय होय!” काकू दोनदा म्हणाल्या.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. छोटंसं यंत्र थांबलं म्हणून अख्खी हातची कलाकुसर भंगारात, हे आपण इतकं सहज कधीपासून धरून चाललो? तुमच्या माळ्यावर अशी किती घड्याळं पडलीत?