मुरमावरचे स्केट: आधी ब्रेक बघा, मग चाकं

इंदूरात स्केटिंग म्हटलं की रिंक, नाहीतर पहाटेचा रिकामा डांबरी रस्ता. सिमरोलकडे किंवा महूकडे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की मुरमाच्या गाडवाटा लागतात आणि तिथे रिंकवरचे 80 मिमी चाकांचे स्केट दोन पावलांत अडकतात. हिशेब करून बघा. एका पायावर 60 किलो भार आहे आणि समोर 1 सेंमी उंचीचा घट्ट रुतलेला खडा आहे. त्यावर चढायला 80 मिमीच्या चाकाला मागून सुमारे 53 किलोचा रेटा लागतो, 150 मिमीच्या चाकाला 35 किलोचा. हवेचं टायर दबून खडा थोडा पोटात घेतं, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. 125 मिमीची तीन कडक चाकं उखडलेल्या डांबरावर ठीक चालतात. मुरमावर 150 मिमीचं हवेचं टायरच हवं.

घेणारे मात्र चाकं बघून घेतात आणि ब्रेकचं नंतर बघू म्हणतात. हे उलटं आहे. टाचेचा रबरी ठोकळा जमिनीवर घासून थांबवतो. मुरमावर तो फक्त खडे उडवतो. मागचा पाय आडवा ओढून थांबायची रिंकवरची सवय इथे टायर एका बाजूने खाते, आणि पाय एखाद्या चरात अडकला तर गुडघा पिळतो. स्काइकसारख्या, कच्च्या वाटेसाठीच्या हवेच्या टायरच्या स्केटला पोटरीचा ब्रेक असतो: पोटरीमागे एक दांडा, खाली मागच्या टायरवर बसणारा ब्रेक. पावलं पुढे सरकवायची आणि खुर्चीवर बसल्यासारखं मागे टेकायचं. पोटरी दांड्याला रेटते आणि ब्रेक लागतो. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा अर्धं पाऊल पुढे ठेवा, नाहीतर तोंडावर जाल. नवखा माणूस घाबरला की पुढे वाकतो आणि नेमका तेव्हाच ब्रेक सुटतो, म्हणून हे सपाटीवर शंभर वेळा करून अंगवळणी पाडायचं, उतार नंतर.

ब्रेक जुळवून घेताना सरळ उभं राहा. तेव्हा तो टायरला घासता कामा नये, पण पोटरी जराशी मागे गेली की लगेच धरला पाहिजे. डावा-उजवा सारखा हवा. एक आधी धरला तर स्केट त्या बाजूला ओढतात. दर सेकंदाला ताशी 7 किमी वेग उतरतो असं धरलं, तर ताशी 20 वरून थांबायला 8 मीटर लागतात, 30 वरून 18. टायर ओलं असेल तर आणखी. गावातली कुत्री इतकं अंतर देत नाहीत. लांब उतारावर ब्रेक दाबून धरू नका, सोडत-सोडत लावा. दाबून धरला तर टायर तापतं आणि त्याचा जमिनीला टेकणारा पट्टा लवकर झिजतो.

हवेचा कमाल दाब टायरच्या बाजूवर छापलेला असतो. डांबरावर त्याच्या जवळ, मुरमावर थोडा कमी. ट्यूब एवढीशी असते, त्यामुळे गेज लावून काढतानाच दाब घटतो. गेज असलेला हातपंप घ्या. मोठ्या कंप्रेसरची नळी लावू नका, क्षणात ट्यूब फुटेल.

माळव्यात पंक्चर टळत नाही. बांधावरची बाभूळ आणि वाटेवरचा गोखरू, दोघंही तयारच असतात. या टायरची रिम बहुधा दोन भागांची, बोल्टांनी जोडलेली असते. बोल्टला पाना लावण्याआधी हवा पूर्ण सोडा. भरल्या टायरची रिम उघडली तर ती उसळून हातावर येते. टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून काटा शोधा. तुटलेलं टोक आतच राहिलं तर नवं पॅच तासाभरात जातं. पॅच सायकलचंच चालतं. ट्यूबला टाल्कम पावडर लावा, जेमतेम गोल होईल एवढी हवा भरा आणि मग रिम मिटवा, म्हणजे ट्यूब दोन भागांच्या चिमटीत सापडणार नाही. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

बेअरिंग सहसा 608 नंबरचीच: आत 8, बाहेर 22, जाडी 7 मिमी, चाकाला दोन. इंदूरच्या सियागंज बाजारात नंबर सांगून मागा, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली. धुळीत पातळ तेल नको, ग्रीस हवं. तेलावर धूळ बसून गाळ होतो.

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळलेल्या असतात. पाय बाजूला फेकायला साधारण दीड मीटर रुंदी लागते, ती चाकोरीत मिळत नाही. तिथे काठ्या कामाला येतात: दोन्ही पाय एकामागे एक ठेवायचे आणि दोन्ही काठ्यांनी रेटत जायचं. काठी हनुवटीपर्यंत, म्हणजे उंचीच्या साधारण 90 टक्के. टोक कार्बाइडचं घ्या.

आणि काळी माती. ओली असेल तर चाकाच्या चार फेऱ्यांत टायर आणि फ्रेममधली फट भरते, चाक जाम होतं, ब्रेकला टायर सापडतच नाही. मुरूम पाऊस लवकर पिऊन टाकतो, काळी माती धरून ठेवते. वाटेवर बुटाची टाच दाबून उचला. माती टाचेबरोबर वर आली तर स्केट पिशवीतच राहू द्या.