काळी-पिवळी रिक्षा

मला बायपोलर आजार आहे. चौदा वर्षं लिथियमची गोळी चालू आहे. त्यानं हाताला बारीक कंप सुटतो, सरळ रेघ येत नाही. पुण्यातल्या एका पुनर्वसन केंद्रात मी दर बुधवारी चित्रकला घेतो, तिथं नव्या माणसासमोर आधी ती थरथरती रेघच काढतो. मग समोरच्याचाही हात सुटतो.

स्किझोफ्रेनिया असलेला एक तिशीतला मुलगा चार महिने फक्त रिक्षा काढत होता. काळी-पिवळी, मागून दिसणारी, पडदे सोडलेली. न्यायला आली की त्याची आई म्हणायची, "सर, याला जरा फुलं-बिलं शिकवा ना." मी शिकवली नाहीत. रिक्षात काहीतरी आहे, असं वाटत होतं.

त्या बुधवारी पडदा वर होता. आत दोन माणसं.

"कुठं निघालीत?"

"चष्म्याच्या दुकानात," तो म्हणाला. बऱ्याच वेळानं पुढे, "असं सांगितलं होतं."

रिक्षा थांबली ती हॉस्पिटलच्या दारात. तिथं त्याला चौघांनी धरलं. माझ्या पोटात कालवलं. मलाही एकदा मावशीकडे जाऊ म्हणून असंच नेलं होतं. घरच्यांना त्या वेळी दुसरं काही सुचत नाही, हे आता कळतं. पण नंतर कितीतरी दिवस मी आईनं दिलेली गोळी जिभेखाली धरून मोरीत थुंकायचो.

वर्ग तिथंच थांबवला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याबद्दल मी ठिकठिकाणी बोलतो. त्या दिवशी एकट्यासाठी बोललो. आजार बळावला तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका, माझ्या वतीनं कोण बोलेल, हे कुणाही सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येतं. आजार असला तरी. तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही, हेही सांगितलं. ते लपवलं असतं तर मीही त्याला चष्म्याच्या दुकानातच नेलं असतं.

रीतसर अर्ज नंतर भरू म्हटलं. त्यानं ड्रॉइंगचाच कागद ओढला. 'खोटं सांगून नेऊ नका. इंजेक्शन देण्याआधी सांगा. वही-पेन्सिल काढून घेऊ नका.' वतीनं कोण बोलणार, इथं पेन्सिल थांबली. आई येऊन शेजारी बसली होती. तिच्याकडे न बघता त्यानं मामाचं नाव लिहिलं.

तिनं पर्समधून चष्मा काढला. कागद दोनदा वाचला.

"मामाचा नंबर बदललाय," ती म्हणाली. "नवा घे लिहून."