९१० आणि ६९६

मंगळवार, रात्री साडेअकरा, नौपाडा

आज पतपेढीत ताळा लागायला साडेसात वाजले. साठ रुपयांचा फरक, आणि तो सापडेपर्यंत मला उठवत नाही, शेवटी एक व्हाउचर भलत्याच खात्यात पडलेलं निघालं. रिक्षा मिळेना म्हणून पावसातच तलावपाळीवरून चालत घरी.

भाची एमएस्सी फिजिक्सचा अभ्यास करत बसलेली. म्हणाली मावशी, तुझ्यासाठी एक हिशोब आहे. बी मेसॉन म्हणून एक कण असतो, प्रोटॉनच्या पाचपटीहून जड, आणि एका सेकंदाचे लाख कोटी भाग केले तर त्यातले जेमतेम दीड भाग जगतो. कॅलिफोर्नियात बाबार नावाच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन आदळून बी आणि अँटी-बी, म्हणजे त्याचा प्रतिपदार्थातला उलट्या गुणांचा जुळा, बनवायचे, नेहमी जोडीनेच, म्हणजे ओपनिंग बॅलन्स दोन्हीकडे सारखाच ना. २००४ मध्ये त्यांनी वीस कोटींहून जास्त जोड्या तपासल्या, केऑन आणि पायॉन या हलक्या कणांमध्ये फुटलेले बी निघाले ९१० आणि अँटी-बी फक्त ६९६.

मी दोनदा विचारलं, मोजण्यात चूक नाही ना? नाही म्हणे, जपानच्या बेल प्रयोगातही तोच कल दिसला, त्यात आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे लोकही होते.

२१४ चा फरक. मला खरंच काटा आला. कारण विश्वाच्या सुरुवातीला पदार्थ आणि प्रतिपदार्थ सारखेच असतील तर एकमेकांना संपवून नुसता प्रकाश उरला असता, पण साधारण अब्जामागे एक कण जास्त निघाला, आणि हा पाऊस, तलाव, आम्ही दोघी, सगळं त्या एकातलं.

मग म्हटलं, सापडलं की कारण! तर नाही. कोबायाशी आणि मास्कावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये या फरकाचं गणित मांडलं, तेव्हा क्वार्क, म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते, तीनच माहीत होते आणि यांना सहा लागत होते, पुढे सहाही सापडले, बी मेसॉनचे आकडेही त्या गणितात बसले. पण त्या गणितातून येणारा फरक विश्वात उरलेल्या पदार्थासाठी फारच तोकडा पडतो. म्हणजे व्हाउचर खरं आहे, सहीशिक्क्याचं आहे, पण रक्कम पुरत नाही, दुसरं कुठलंतरी अजून सापडायचंय. असा ताळा उघडा ठेवून ही माणसं झोपतात कशी?

दिवा मालवल्यावर परत हाक मारली, आता कुठे शोधतायत गं? न्यूट्रिनो नावाच्या कणांमध्येपण शोधतायत, मावशी, झोप आता.